उंदराचा डॉक्टर आधी शोधा

ठमीच्या नाकाखाली लाल ओघळ दिसला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पांढऱ्या केसांवर तो लाल रंग फार भडक दिसतो. कापसानं पुसला, तर दहा मिनिटांत परत आला. श्वास घेताना तिच्या कुशी आत ओढल्या जात होत्या. छातीशी धरल्यावर, कुकरची शिटी होण्याआधी ऐकू येते तशी बारीक फुरफुर ऐकू येत होती.

पुण्यात जनावरांचे दवाखाने कमी नाहीत. त्या रात्री मी सहा ठिकाणी फोन लावले. ‘कुत्रा का मांजर?’ ‘उंदीर.’ पलीकडे शांतता, आणि मग, ‘ताई, पेस्ट कंट्रोलला फोन करा.’ एका ठिकाणी घेऊन या म्हणाले. तिथल्या डॉक्टरांनी ठमीला पिंजऱ्यातून बाहेर काढलं नाही, वजन केलं नाही. कुत्र्यांना देतात त्या अँटिबायोटिकच्या गोळीची चिठ्ठी दिली आणि अर्धी गोळी दिवसातून दोनदा द्यायला सांगितलं.

गोळी चुरायला घेतली तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मुलगी खाली आली. ती एम.फार्म. करते, कॉलेजच्या प्राणीगृहात रोज उंदीर हाताळते. तिनं ठमीला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्टीलच्या डब्यात बसवलं. ३१० ग्रॅम. मग कागदावर हिशेब मांडला. किलोमागे १० मिलीग्रॅम धरलं तर हिला साधारण ३ मिलीग्रॅम हवं. गोळी ५० ची, म्हणजे अर्धीत २५. आठपट. ‘काकू, आज काही देऊ नका. सकाळी वजन करून डोस लिहिणारा डॉक्टर शोधू.’

मी आज हे लिहिते आहे ते त्या वाक्यामुळे. उंदीर पाळणाऱ्या बहुतेकांचा शोध ‘एक्झॉटिक स्पेशालिस्ट’ अशी पाटी शोधण्यात संपतो. ती पाटी मोठ्या शहरातही मोजक्या ठिकाणी दिसते, आणि तिच्यामागे अनेकदा पोपट आणि कासवं असतात, उंदीर नसतो. मला वाटतं, पाटीपेक्षा डॉक्टरांच्या टेबलावर ग्रॅममध्ये मोजणारा काटा आहे का ते पाहावं. आणि ‘मला माहीत नाही, पुस्तक बघून सांगतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरला सोडू नये.

यात पशुवैद्यांना दोष देऊन भागत नाही. बी.व्ही.एस्सी. ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी आहे आणि तिचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्यावर आहे. आपल्या राज्याची गरजच ती आहे. पण उंदराबद्दलचं ज्ञान कमी आहे असं नाही. प्रयोगशाळेत जगभर वापरला जाणारा विस्टर जातीचा उंदीर आणि माझी ठमी एकाच प्रजातीचे, ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’. शंभरहून अधिक वर्षं या प्राण्याचं रक्त, हृदय, मूत्रपिंड, भूल या सगळ्याची मोजमापं लिहून ठेवली गेली आहेत. औषधांच्या मात्रांसाठी कार्पेंटर यांच्या ‘एक्झॉटिक अ‍ॅनिमल फॉर्म्युलरी’सारखे ग्रंथ आहेत. हे ज्ञान प्राणीगृहांत आणि कपाटांत आहे, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत आलेलं नाही. ते तिथवर आणायला तयार असलेला माणूस आपल्याला हवा असतो.

अडचण थोडी भाषेचीही आहे. मराठीत घरात शिरणारा, शेतातला, प्रयोगशाळेतला आणि पिंजऱ्यातला, सगळे उंदीरच. म्हणून मी आता फोनवर नुसतं ‘उंदीर’ म्हणत नाही. ‘पाळीव पांढरा उंदीर, मादी, चौदा महिने, ३१० ग्रॅम, श्वासाचा त्रास’ असं सांगते. वजन ऐकलं की पलीकडचा माणूस पेशंट म्हणून ऐकू लागतो.

दुसऱ्या दिवशी जे डॉक्टर भेटले ते मुख्यतः कुत्र्या-मांजरांचेच. त्यांनी आधी सांगितलं, की हे रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचा लाल स्राव येतो. निरोगी उंदीर तो पुढच्या पायांनी पुसून टाकतो, आजारी किंवा घाबरलेल्याच्या नाका-डोळ्यांशी साचतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो गुलाबी चमकतो, रक्त चमकत नाही. त्यांनी तो दिवा लावून दाखवला आणि माझे हात थरथरायचे थांबले.

छातीतली फुरफुर मात्र खरा आजार होता. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात असतोच. थंडी, ताण, दुसरा संसर्ग, की तो उसळतो. औषधानं दबतो, पण मुळापासून जात नाही. म्हणून उंदराचा डॉक्टर एका भेटीपुरता चालत नाही, वर्षभर ओळखीचा असावा लागतो. पिंजऱ्यात लघवी साचली की अमोनिया होतो आणि तो याच फुप्फुसांना जाळतो. वखारीतला देवदार-पाइनचा भुसा, पिंजऱ्याजवळची मच्छर कॉइल, देवघरातला धूप, हे सगळं मी त्या दिवशी दूर केलं. त्याला एक पैसाही लागला नाही.

गोळीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला: औषध पातळ करून बाटलीत दिलं, एक मिलिलिटरची सुई काढलेली सिरिंज दिली आणि कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते पेनानं आखून दिलं. हा हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा, घरी अंदाजानं नाही. तीनशे ग्रॅमच्या जिवात चुकीला जागा नसते.

डॉक्टर जाणता आहे का, हे उंदीर ठणठणीत असतानाच, साध्या तपासणीच्या निमित्तानं जोखता येतं. मी एक प्रश्न हमखास विचारते: ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं? कुत्र्याला ठेवतात. उंदराला ओकारीच होत नाही, त्यामुळे भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती तशी नसते. उलट उपाशी राहिला तर साखर उतरून तो खचतो. ‘उपाशी ठेवू नका’ हे उत्तर आलं, की पुढचं बोलावं: भूल आयसोफ्लुरेन वायूची आहे ना, टेबलावर ऊब द्यायची सोय आहे ना. एवढंसं शरीर बघता बघता गार पडतं. आणि समोरचे पिवळे-नारिंगी दात पाहून कोणी ‘कीड लागली’ म्हणालं तर दुसरं दार शोधावं. उंदराचे दात त्याच रंगाचे असतात.

पैशांचं उघड बोलू. दुकानात उंदीर दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि एका तपासणीलाच त्याहून जास्त लागतात. ‘एवढ्याशा जिवासाठी एवढे?’ हे घरातही ऐकावं लागतं. माझ्यापुरतं मी उत्तर दिलं आहे, तिची किंमत दुकानदारानं ठरवायची नाही. पण खिसा सगळ्यांचा सारखा नसतो, म्हणून सरकारी आणि शिकाऊ रुग्णालयं आधी पाहावीत. परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. उंदीर पाहणारे कोणी आहेत का, हे जाण्याआधी फोनवर विचारावं. अशा ठिकाणी रांग असते, पण शिकवणारे प्राध्यापक असतात, आणि विद्यार्थ्याला नवा प्राणी पाहायचा असतो.

खरी बचत मात्र लवकर जाण्यात आहे. मी दर रविवारी वजन वहीत लिहिते, कारण उंदीर आजार शेवटपर्यंत लपवतो. वजन लपत नाही. माद्यांना स्तनांच्या गाठी फार होतात आणि उंदरिणीची स्तनग्रंथी मानेपासून मांडीपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ काखेतही येते. बहुतेक साध्या असतात, पण झपाट्यानं वाढतात. ठमीची गाठ मला चिंचोक्याएवढी असताना लागली. त्याच आठवड्यात काढली, दोन टाके पडले, संध्याकाळी ती काकडी कुरतडत होती. लिंबाएवढी होऊ दिली असती तर भूल लांबली असती, रक्त जास्त गेलं असतं आणि खर्चही वाढला असता. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायची सवय तेव्हा कामी आली.

उंदीर दोन-तीन वर्षांचा सोबती. म्हणून आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवायला हवी, जड जात असली तरी: वेळ आली तर तुम्ही त्याला कसं झोपवाल? आधी वायूनं पूर्ण भूल, मगच इंजेक्शन, हे उत्तर हवं. आमच्या डॉक्टरांनी ते न विचारताच सांगितलं होतं. अडीच वर्षांची ठमी गेली तेव्हा तसंच केलं. सोबतीण चिंगीला मी बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी ठमीचं अंग दुपट्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवलं आणि चिंगीला हवा तेवढा वेळ हुंगू दिलं. बाहेर दोन कुत्रे नंबर लावून बसले होते.