ट्रकच्या हौद्यातलं थिएटर

मोटारीत बसल्या बसल्या सिनेमा पाहायची सोय झाली अमेरिकेत. न्यू जर्सीतल्या कॅमडेनजवळ रिचर्ड हॉलिंगशेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. गाडीमागे पंचवीस सेंट, माणशी पंचवीस सेंट. मुंबईतही वांद्रे पूर्वेला असं ड्राइव्ह-इन बरीच वर्षं होतं. पण ज्याच्या दारात बैलगाडी, त्याच्या ते काय कामाचं? आमच्या माणदेश-खटावच्या माळावर सिनेमा आला तो उलट वाटेने. इथे माणूस थिएटरकडे गेला नाही, थिएटरच ट्रकमध्ये बसून माणसांकडे आलं. टुरिंग टॉकीज. लोकांच्या तोंडी नुसतं ‘टाकी’ किंवा ‘तंबू’.

मी सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो पुसेगावच्या जत्रेत. मार्गशीर्षातली सेवागिरी महाराजांची ही जत्रा. नोटांच्या माळांनी झाकून गेलेला रथ, खिलार बैलांचा बाजार, पाळणे, भेळेची दुकानं, आणि या सगळ्याच्या पलीकडे एका ओळीत उभे असलेले तंबू. तमाशाच्या फडाचा तंबू आणि सिनेमाचा तंबू शेजारी शेजारी, दोघांचेही कर्णे एकमेकांवर चढलेले. दिवसा जीप आसपासच्या गावांतून फिरून कोणतं ‘पिच्चर’ लागलंय ते ओरडून सांगायची. आमचं घर जत्रेला आलं की वडील आधी देवाचं दर्शन, मग विळे-खुरपी, मग सिनेमा या क्रमाने न्यायचे. तिसऱ्याची वेळ येईपर्यंत आम्हा पोरांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

आत जमीन हीच बैठक. सोबत पोतं किंवा घोंगडं आणलं असेल तर चैन. मागे थोड्या लोखंडी खुर्च्या, त्यांचं तिकीट जास्त. मधोमध दोर बांधलेला, अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. जत्रेच्या रात्री खेळामागून खेळ लागायचा आणि शेवटचा संपेपर्यंत तांबडं फुटायला यायचं. मुक्कामाला जागा नसलेली माणसं मुद्दाम शेवटच्या खेळाचं तिकीट काढायची. थंडीत कनातीच्या आडोशाला झोप तरी मिळायची.

मला मात्र पडद्याइतकंच मागच्या ट्रकचं वेड होतं. तंबूच्या तोंडाशी ट्रक उलटा लावलेला असे, त्याच्या हौद्यात मशीन. तोच ट्रक तंबू, खांब, खुर्च्या आणि माणसं वाहून आणायचा आणि मुक्कामाला पोचला की स्वतःच प्रोजेक्टर-खोली व्हायचा. जरा लांब जनरेटरची धडधड. त्याचा आवाज तंबूत येऊ नये म्हणून तो वाऱ्याची दिशा बघून ठेवत.

या मशीनचा उजेड बल्बचा नसे, कार्बनचा असे. तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर बसवायच्या, टोकं क्षणभर टेकवून किंचित मागे घ्यायची, की मधल्या फटीत ठिणगी पेटून राहते. मागचा आरसा तो प्रखर उजेड गोळा करून फिल्मवर टाकतो. पण कांड्या जळत जातात, फट वाढत जाते. ती वाढली की पडदा पिवळा पडतो, आणखी वाढली की अंधार. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून ज्योत बघत सारखा कांड्या पुढे सरकवत राहायचा.

फिल्मचंही तसंच. सेकंदाला चोवीस चित्रं, पण ती सलग सरकली तर पडद्यावर नुसता चिखल दिसेल. प्रत्येक चित्र खिडकीसमोर येऊन थांबायला हवं, मग पुढचं. हे थांबणं-सरकणं घडवतो फुलीच्या आकाराचा एक छोटा दातेरी भाग. त्याची टकटक म्हणजेच मशीनचा आवाज. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापलेली, पण चित्राच्या शेजारी नाही, वीस चित्रं पुढे. कारण खिडकीत फिल्म थांबत-थांबत जाते, आणि आवाजाला ती सरळ, न थांबता धावायला लागते. त्यामुळे आवाज वाचणारा दिवा खिडकीच्या खाली. दोन्हींच्या मध्ये फिल्मचा जो सैल वळसा सोडायचा तो कमी-जास्त झाला की ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. ऑपरेटर हा वळसा बोटाच्या मापाने सोडायचा. मला हे सगळं एका ऑपरेटरमामांनी दाखवलं. “पोरा, हात लावू नगंस, पर बघ,” एवढंच म्हणाले. पुढे शाळेत प्रकाशाचा धडा आला तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

हजार फुटांचं एक रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळं. जिथे मशीन एकच, तिथे रीळ बदलेपर्यंत पडदा कोरा, आणि तेवढ्यात शेंगा विकणारा आत. फिल्म मधेच तुटली तर शिट्ट्यांचा गदारोळ. त्या गदारोळात मामा तुटकी टोकं खरवडून, फिल्म जोडायच्या सिमेंटचा थेंब लावून, अंगठ्याने दाबून जोडायचे. प्रत्येक जोडात एक-दोन चित्रं जायची. म्हणून गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये नायक दारातून निघाला की थेट बांधावर उगवायचा. शहरात वापरून झिजलेल्या प्रिंट आमच्या वाट्याला यायच्या हे खरं आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये १३१ आठवडे चालला. खेड्यातल्या माणसाने तो रेघांच्या पावसातून पाहिला. तरी पाहिला.

फिरत्या पडद्याचा हा वारसा सिनेमाहूनही जुना आहे. कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांची मुलं १८९०च्या दशकापासून ‘शांबरिक खरोलिका’ घेऊन गावोगाव फिरत होती. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायची आणि निवेदन-संगीताच्या साथीने गोष्ट सांगायची, असा तो खेळ. टुरिंग टॉकीजवाले त्यांचेच वारसदार.

दोराच्या पलीकडे बसणाऱ्या बायांबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आजीने आयुष्यात तालुक्याच्या थिएटरचं तोंड पाहिलं नाही. तिथे बाईमाणसाने जायचं नाही, असं घरात कोणी म्हणत नसे, पण तसं होतंच. जत्रेच्या तंबूत मात्र ती हक्काने बसायची, कारण जत्रेला येणं हे देवाचं काम होतं. ‘जय संतोषी माँ’ला बायांनी चपला बाहेर काढल्या. १९९१च्या ‘माहेरची साडी’ला दोराच्या पलीकडून हुंदके ऐकू यायचे आणि अलीकडचे बाप्ये खाली बघायचे. घरात ज्यावर बोलता येत नव्हतं त्यावर रडायला तंबूने जागा दिली. टुरिंग टॉकीजचं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो.

मग व्हिडिओ आला, केबल आली, मोबाइल आला. तरीही जत्रांमुळे तंबू तगून होते. घाव बसला तो फिल्मच बंद झाली तेव्हा. २०१० नंतर काही वर्षांतच नवे सिनेमे फिल्मवर निघेनासे झाले, आणि पाऊणशे वर्षं चालतील अशी मशिनं धडधाकट असूनही निकामी झाली. काहींनी कर्ज काढून डिजिटल प्रोजेक्टर घेतले, बहुतेकांनी तंबू विकले. गजेंद्र अहिरे यांनी २०१३ साली ‘टुरिंग टॉकीज’ नावाचा मराठी चित्रपट केला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षं या तंबूंमागे फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट बनवला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. पुसेगाव, पाल, म्हसवडच्या जत्रांना येणाऱ्या ज्या माणसाने सिनेमा माणसांपर्यंत पोचवला, त्याला सन्मान मिळाला तो असा, फार लांबून आणि उशिरा.

ही मशिनं अजून आहेत. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बरीचशी भंगाराच्या वाटेवर. पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, मुंबईत पेडर रोडला भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे नटनट्यांच्या शेजारी जत्रेतला ट्रकही उभा राहायला हवा. ते होईल तेव्हा होवो. तुमच्या गावात एखादा जुना ऑपरेटर, गेटकीपर किंवा तंबूमालक हयात असेल, तर सुट्टीत त्याच्याकडे जा. तो काय सांगतो ते त्याच्याच बोलीत रेकॉर्ड करा, तिकिटाचं पुस्तक, परवाना, हँडबिल असेल तर फोटो काढून ठेवा, आणि मशीन विकायला निघालं असेल तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या शाळेला कळवा.