चालू पेढी हलविताना

गोदाम बदलायचे तर आम्हा कापडवाल्यांना गल्ला बंद ठेवावा लागतो. पण बिलांचा हिशेब ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो, ते एका सर्व्हरसमूहातून दुसऱ्यात चालू असतानाच हलविता येते. आधी मेमरीची नक्कल नव्या सर्व्हरवर उतरते. तेवढ्या वेळात बदललेली पाने पुन्हा पाठवितात, मग त्यानंतरची. थोडी उरली की क्षणभर थांबवून ताबा दिला जातो. २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एका खेळाचा सर्व्हर असा हलविला; खंड अवघा ६० मिलिसेकंदांचा!

मात्र दोन्हीकडे डिस्कसाठा वेगळा असेल तर डिस्कचीही नक्कल लागते. प्रोसेसर इंटेलवरून एएमडीवर जाणार असेल तर सहसा मशीन बंदच करावे लागते. ठेकेदाराला आम्ही हे विचारलेच नाही. ऐन लग्नसराईत दुपारभर बिले हाताने फाडली.