बुटाच्या जिभेवर लिहिलंय काय?

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत माझे मामा फौंड्रीत ओतकामाला होते. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. लहानपणी मला वाटायचं, तुटल्या असतील आणि नव्या आणायच्या राहिल्या असतील. एकदा विचारलंच. मामा म्हणाले, "आगं, नाडी बांधायला येळ असतोय. सोडायला नसतोय."

वितळलेलं बीड साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला साच्यात ओततात. त्याचा एक थेंब बुटात शिरला, तर बूट एका हिसक्यात पायातून निघाला पाहिजे. म्हणून ओतकामाचे बूट बिननाडीचे आणि बाजूला इलॅस्टिक असलेले. पँटही बुटात खोचायची नाही, बुटावरून बाहेर सोडायची. खोचलेली पँट म्हणजे थेंबासाठी धरलेलं नरसाळंच. त्या दिवसापासून मला सेफ्टी बुटांचं वेड लागलं. हेल्मेटचं महत्त्व सगळे सांगतात, बुटाकडे मात्र कुणी धड बघत नाही. आणि बघण्यासारखं तर त्यात खूप आहे.

वीस किलो, एक मीटर

सेफ्टी बूट पास झाला की नापास, ते कसं ठरतं? प्रयोगशाळेत त्याच्या टो कॅपवर, म्हणजे बोटांवरच्या कडक टोपीवर, २०० जूल ऊर्जेचा घाव घालतात. म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून सोडायचं. टोपीच्या आत बोटांच्या जागी मातीसारख्या लगद्याची कांडी उभी केलेली असते. घाव बसला की कांडी काढून मोजतात. ८ नंबरच्या बुटात ती निदान १४ मिलिमीटर उंच उरली पाहिजे. तेवढ्या फटीत पायाची बोटं शाबूत राहतात. दुसऱ्या चाचणीत हीच टोपी हळूहळू दाबत नेतात, १५ किलोन्यूटनपर्यंत. सोप्या भाषेत, दीड टन वजन.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. घाव झेललेली टोपी बाहेरून धड दिसली तरी ती आता निवृत्त झाली. असा बूट पुन्हा कामावर घालायचा नाही.

"स्टीलची टोपी बोटं कापते म्हणे!"

प्रत्येक कारखान्यात हे सांगणारा एक तरी भेटतो. जड वस्तू पडली की टोपी वाकते, तिची कड आत घुसते आणि बोटं छाटली जातात. त्यापेक्षा साधा बूट बरा, असं त्याचं म्हणणं. 'मिथबस्टर्स' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमानं २००५ मध्ये हे करूनच पाहिलं आणि दावा खोटा ठरवला. टोपी चेपण्याइतकं वजन साध्या बुटावर पडलं असतं, तर बोटांचा चेंदामेंदाच झाला असता. कुणी ही कथा सांगून सेफ्टी बूट काढून ठेवत असेल, तर त्याला थांबवा. पाय त्याचेच आहेत, पण घरी वाट बघणारी माणसंही आहेत.

जीभ वाचायला शिका

नाड्यांखालची ती पट्टी, म्हणजे बुटाची जीभ. तिच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत बुटाची कुंडली छापलेली असते. आपल्याकडचं मानक आयएस १५२९८. त्याचा भाग २ म्हणजे २०० जूलची टोपी. भाग ३ म्हणजे १०० जूलची. आणि भाग ४ म्हणजे टोपीच नाही! तिन्ही बूट काळे, तिन्ही दणकट, शोकेसमध्ये शेजारी शेजारी. फरक फक्त त्या एका आकड्याचा. दोनशे रुपये वाचवल्याच्या आनंदात भाग ४ घरी आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुढे येतात अक्षरं. 'एसबी' म्हणजे किमान संरक्षण. 'एस१' म्हणजे टाच बंद, टाचेला धक्का शोषणारी गादी आणि अंगातली स्थिर वीज वाहून नेणारा सोल. त्याला 'पी' जोडला, की सोलमध्ये खिळा अडवणारा थर आला. 'एस२' पाण्याला टिकतो. 'एस३' मध्ये हे सगळं आहेच, शिवाय खाचांचा सोल. बांधकामावर फळ्यांतून खिळे वर आलेले असतात, तिथे एस३ घ्या आणि विषय संपवा. मात्र कोरड्या, स्वच्छ गोदामात आठ तास चालायचं असेल तर एस३ चं ओझं कशाला? पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कैक पटींनी दमवतं. जोडा हातात घेऊन तोलून बघायला लाजू नका.

आयएसआय शिक्क्याजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घातला की परवाना खरा आहे की नाही ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

दिसायला जुळे, कामाला उलटे

इथे मात्र थांबून वाचा. 'अँटिस्टॅटिक' बूट विजेपासून वाचवतो असं पुष्कळांना वाटतं. तो वाचवत नाही. त्याचं काम अंगात साठलेली स्थिर वीज जमिनीत हळूच सोडण्याचं आहे, म्हणजे पेंटच्या शेडमध्ये किंवा सॉल्व्हंटच्या वाफेत ठिणगी उडत नाही. त्यासाठी त्याचा रोध मुद्दाम १ लाख ओहम ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान ठेवलेला असतो. थोडक्यात, तो थोडी वीज जाऊ देतो. वायरमनला हवा असतो बरोबर उलटा बूट: वीज अडवणारा, विद्युतरोधक. दोन्ही काळे, दोन्ही जाड सोलचे. अदलाबदल झाली तर एकाचं संरक्षण दुसऱ्याचा जीव घेऊ शकतं.

असईचा सेनापती आणि गमबूट

गमबुटाला इंग्लंडमध्ये 'वेलिंग्टन' म्हणतात. कोण हा वेलिंग्टन? जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली, तोच हा. समोर मराठ्यांचा तोफखाना, मध्ये नदी, आणि वाटाडे म्हणत होते की उतार नाही. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, तेव्हा त्यानं ताडलं की लोक ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. होता. त्या लढाईत दोन्हीकडची माणसं भयंकर संख्येनं पडली.

पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या आपल्या बूटवाल्याकडून त्यानं चामड्याचे उंच, पण सुटसुटीत बूट बेतून घेतले आणि त्यांना त्याचं नाव पडलं. रबराचे नव्हते ते. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसानं १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढून रबरी बूट बनवायला घेतले. शेतकऱ्यांचे पाय तोवर लाकडी खडावांत असायचे. त्यांना हे वरदान वाटलं. वेलिंग्टन मात्र १८५२ मध्येच वारला होता. ज्या रबरी बुटानं त्याचं नाव चिखलाचिखलांत पोचवलं, तो त्यानं कधी पायात घातलाच नाही.

रात्री दारं धरताना

शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची. मग शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो. पायात चप्पल, किंवा काहीच नाही. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली. दंश बहुतेक पायांवरच होतात. घोणस आणि फुरसं पाऊल पडेपर्यंत हलत नाहीत, जागच्या जागी दबा धरून राहतात. नडगीपर्यंतचा गमबूट इथे अक्षरशः आयुष्य वाचवतो. भातलावणीत तो चिखलात रुततो, ओढून काढावा लागतो, हे शेतकऱ्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. लावणीला नका घालू. पण रात्री बांधावरून चालताना तरी घाला, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

शहरातही तो लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या मूत्रातले जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. साधं खरचटलेलंही त्यांना पुरतं.

बुटांचा ताशा

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत पाणी साचायचं. ते उपसण्यापेक्षा कामगारांना गमबूट देणं मालकांना स्वस्त पडलं. खाली बोलायला मनाई. मग कामगार बुटांवर थापा मारून एकमेकांना खुणा करू लागले आणि त्यातून 'गमबूट डान्स' जन्मला. आज तो जगभरच्या रंगमंचांवर होतो.

आपल्याकडे चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणींत संरक्षक बुटांशिवाय उतरता येत नाही आणि ते खाणमालकानं मोफत द्यायचे, असा नियम आहे.

एक नंबर म्हणजे एक जव

७ नंबर आणि ८ नंबर यांत फरक किती? एका जवाच्या दाण्याचा! आपण वापरतो ती ब्रिटिश मापं जवाच्या लांबीवर बेतलेली, एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडेही जुन्या मोजमापात आठ यव म्हणजे एक अंगुळ. दाणा तोच, फक्त इंग्रजांनी लांबी धरली आणि आपण रुंदी.

पण भारतीय पाऊल युरोपियन पावलापेक्षा चवड्यात रुंद. म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग टाच आत सरकते, फोड येतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात लाखावर लोकांची पावलं स्कॅन करून भारतीय मापपद्धती सुचवली आहे. तिचं नाव 'भा'. माझं त्या एका अक्षराकडे डोळे लावून बसणं चालू आहे, कारण टो कॅप असलेला बूट साध्या बुटासारखा वापरून सैल होत नाही. स्टील ताणत नाही. पहिल्या दिवशी करंगळीला लागला, तर हजाराव्या दिवशीही लागणार.

म्हणून खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. कामावरचेच जाड मोजे घाला. दोन्ही पायांत घालून उकिडवे बसा, जिन्याची पायरी उतरा. उतरताना बोटं टोपीला टेकली की जोडा परत ठेवा.

वासाला नोबेल (जवळजवळ)

घामेजलेल्या पायाला वास देणारे ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जंतू आणि लिम्बर्गर नावाच्या युरोपियन चीजला वास देणारे जंतू एकाच कुळातले. मलेरियाच्या डासाची मादी दोन्हींकडे सारखीच ओढली जाते, या शोधाला २००६ चं इग नोबेल मिळालं. हसवणाऱ्या, पण मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं हे पारितोषिक. २०२५ मध्ये ते विकाश कुमार आणि सार्थक मित्तल या दोन भारतीयांना मिळालं, विषय: वास मारणाऱ्या बुटांमुळे चपलांचं कपाट वापरणं कसं नकोसं होतं! त्यांनी अतिनील दिव्याचं कपाट सुचवलं.

दिवा नसेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. आतला घाम एका रात्रीत सुकत नाही. भिजलेल्या बुटातलं सुटं होणारं इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, आणि बूट सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात किंवा चुलीशेजारी नको. चामडं पापडासारखं कडक होतं आणि चवड्याच्या घडीवर तडकतं. सिमेंटचं काम असेल तर रोज ओल्या फडक्यानं पुसाच. सिमेंट चामडं खातं.

पेटीतले बूट

मामा निवृत्त झाले तेव्हा कंपनीकडून मिळालेला एक कोरा जोड उरला होता. नाड्यांचा, चकचकीत. "चांगला हाय, कुणाच्या तरी उपेगी पडंल," म्हणून त्यांनी तो माळ्यावर ठेवला. गेल्या पावसाळ्यात मी तो घालून निघाले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोल पायाखाली मऊ लागला, मग त्याचे तुकडे पडू लागले. हातात घेऊन पाहिलं: वरचं चामडं नवं कोरं, खाली शिळ्या केकसारखा भुगा. बोटानं चोळला तर चिकट.

हा पॉलियुरेथेनचा स्वभाव. हवेतली ओल त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते आणि दमट हवेत जास्तच वेगानं. वापरलेल्या बुटापेक्षा बंद पेटीत पडून राहिलेला अनेकदा आधी जातो. दर दिवशी पायाखाली दाबला गेलेला सोल ओल बाहेर टाकतो; पेटीतला ती जपून ठेवतो. म्हणून स्वस्तात मिळालेला जुना साठा घ्यायचा नाही आणि 'पुढे लागेल' म्हणून जादा जोड भरून ठेवायचे नाहीत.

वय कसं ओळखायचं? बूट उलटा करा. बऱ्याच सोलवर, टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोलगट भागात, नाण्याएवढं वर्तुळ असतं. कडेला १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे, त्या महिन्यात सोल साच्यातून निघाला. मामांच्या बुटाचा तेवढा तुकडा भुग्यातून मला धड सापडला. बाण ८ कडे, मध्ये ०९. मामांनी चष्मा लावून बघितलं, तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, "साच्यातनं निघालेला हाय व्हय. आपल्यासारखाच की."