भिंतींचे कान

'भिंतींना कान असतात' अशी म्हण मराठीत रूढ आहे. गुप्त गोष्ट बोलताना मनुष्याने सावध असावे, एवढाच तिचा अर्थ. परंतु ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर या म्हणीत बरेच तथ्य आढळते. भिंत आवाज ऐकत नाही हे खरे. पण तिच्यावर येऊन आदळणाऱ्या प्रत्येक आवाजाची ती दखल घेते. त्याचा काही भाग ती परत फेकते, काही भाग स्वतःच्या अंगी जिरवते, आणि उरलेला भाग पलीकडच्या खोलीत पोचवते. कोणती भिंत यांपैकी काय आणि किती करील, हे ज्याला कळले, त्याला आपल्या घरात सुरेल संगीत ऐकण्याची आणि शेजाऱ्याची झोप न मोडण्याची, अशा दोन्ही विद्या साधल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

घराला रंग द्यावयाचा असला, म्हणजे खोलीतील सामान बाहेर काढतात. त्या रिकाम्या खोलीत कोणी हाक मारली, तर आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. पुढे सतरंजी अंथरली, गाद्या आल्या, खिडक्यांना पडदे लागले, की तोच आवाज पुन्हा स्वच्छ ऐकू येतो. खोली तीच आणि बोलणारा मनुष्यही तोच. मग हा फरक कशामुळे पडला?

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ५ मीटर अंतर असेल, तर तो एका सेकंदात साठांहून अधिक वेळा भिंतींवर आदळतो. गिलावा केलेली गुळगुळीत भिंत प्रत्येक आघातात त्याच्या शंभर भागांपैकी दोन-तीन भागच जिरवते; बाकीचा ध्वनी ती जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवते. त्यामुळे शब्द उच्चारून झाला, तरी त्याचा अवशेष खोलीत रेंगाळत राहतो. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. डोंगरकड्यावरून परत येणारा प्रतिध्वनी मूळ शब्दापासून वेगळा ऐकू येतो. निनाद मात्र मूळ शब्दाला चिकटून असतो, आणि म्हणूनच तो पुढच्या शब्दाच्या वाटेत आडवा येतो.

निनादाचे हे कोडे शास्त्रीय रीतीने प्रथम सोडवले, ते वॉलेस सेबाइन या अमेरिकन तरुणाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात एक व्याख्यानगृहही होते. इमारत देखणी होती; परंतु त्या व्याख्यानगृहात व्याख्यान मात्र कोणालाच समजेना! वक्त्याने उच्चारलेले एकेक अक्षर सुमारे साडेपाच सेकंद ऐकू येत राही. तेवढ्या अवधीत सावकाश बोलणारा वक्तादेखील पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई. ती सारी अक्षरे श्रोत्यांच्या कानांवर एकदमच येऊन पडत, आणि त्यांतून अर्थ वेचून काढणे अशक्य होऊन बसे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी यावर उपाय शोधण्याचे काम सेबाइनकडे सोपवले. त्या वेळी तो अवघा २७ वर्षांचा होता आणि पदार्थविज्ञान शिकवत असे.

सेबाइनजवळ आजच्यासारखी ध्वनिमापक यंत्रे नव्हती. त्याची साधने म्हणजे ऑर्गन वाद्याची एक नळी, वेळ मोजण्याचे एक यंत्र आणि स्वतःचे कान. दिवसा रस्त्यावरच्या रहदारीचा गोंगाट होई. म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. विद्यापीठाच्याच सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणावयाच्या, व्याख्यानगृहातील आसनांवर त्या एकेक करून मांडावयाच्या, नळी वाजवून थांबवावयाची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागला ते टिपून ठेवावयाचे, असा त्याचा क्रम असे. सकाळ होण्यापूर्वी त्या गाद्या पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवाव्या लागत. जसजशा गाद्या वाढत, तसतसा निनाद घटत असे. आसने, जमीन आणि मागची भिंतसुद्धा गाद्यांनी झाकली, तेव्हा साडेपाच सेकंदांचा निनाद जेमतेम एका सेकंदाच्या घरात आला.

या प्रयोगांतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही काळानंतर सेबाइनला आढळले, की आपल्या अंगावरचे कपडेदेखील थोडासा ध्वनी शोषतात. मग निरनिराळ्या रात्री निरनिराळे कपडे घालून घेतलेली मापे एकमेकांशी कशी ताडून पाहावयाची? हा फरक अगदी अल्प होता आणि तो दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आला नसता. तरीसुद्धा सेबाइनने अनेक रात्री जागून मिळवलेली हजारो मापे बाजूला टाकली, आणि ठरावीक एकच पोशाख घालून काम पुन्हा पहिल्यापासून आरंभिले. शास्त्राचा मार्ग किती कष्टाचा असतो आणि तेथे स्वतःची फसवणूक करून चालत नाही, हे यावरून कळून येते.

या परिश्रमांचे फळ त्याला १८९८ साली मिळाले. खोलीतील हवेचे आकारमान जितके अधिक, तितका निनाद लांबतो. आणि खोलीतील वस्तूंची ध्वनी शोषण्याची शक्ती जितकी अधिक, तितका तो आखूड होतो, हा नियम त्याने गणिताच्या भाषेत मांडला. त्याच वेळी बोस्टन शहरात एक भव्य संगीतगृह बांधण्याचे घाटत होते. सेबाइनच्या सल्ल्याने त्याची रचना करण्यात आली, आणि १५ ऑक्टोबर १९०० रोजी ते रसिकांसाठी खुले झाले. जगातील उत्कृष्ट संगीतगृहांमध्ये त्याची आजही गणना होते.

पदार्थाची शोषणशक्ती मोजण्यासाठी सेबाइनने जे माप योजले, तेही मोठे मार्मिक आहे. ते माप म्हणजे उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज खोलीत परत येत नाही; तेव्हा खोलीच्या दृष्टीने उघडी खिडकी ही ध्वनी संपूर्ण गिळून टाकणारी वस्तू ठरते. एखाद्या गालिच्याची शोषणशक्ती किती, तर अमुक चौरस मीटर उघड्या खिडकीइतकी, असा हिशेब त्याने बसवला. पुढे या मापाला त्याच्याच नावावरून 'सेबिन' हे नाव मिळाले.

परंतु येथेच एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. उघडी खिडकी खोलीतील निनाद नाहीसा करते हे खरे. पण तोच आवाज ती शेजारच्या घरात सुखाने जाऊ देते! म्हणजे ध्वनीचे शोषण आणि ध्वनीचे रोधन या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शोषणामुळे खोलीच्या आतील आवाज स्वच्छ होतो. रोधनामुळे आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आवाज आत जात नाही. एका कामासाठी जे साधन उत्तम, ते दुसऱ्या कामासाठी बहुधा निरुपयोगी असते. हा भेद न जाणल्यामुळे पुष्कळ लोकांचा पैसा आणि श्रम व्यर्थ जातात. अंडी ठेवण्याचे कागदी साचे भिंतींवर चिकटवले, म्हणजे खोलीचा आवाज बाहेर जाणार नाही, अशी अनेकांची समजूत असते. ते हलके साचे तीव्र स्वरांचा निनाद थोडासा कमी करतात. पण शेजाऱ्याला त्यांचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

शोषणासाठी मऊ आणि सच्छिद्र पदार्थ लागतात. कापूस, लोकर, काचलोकर, खनिज लोकर हे सारे याच जातीचे पदार्थ होत. त्यांच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांत हवा भरलेली असते. ध्वनी आत शिरला, की ही हवा मागेपुढे हलते, तंतूंशी तिचे घर्षण होते, आणि ध्वनीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता इतकी अल्प असते, की हाताला तिचा मुळीच भास होत नाही. मात्र सर्व स्वर सारख्याच सहजतेने जिरत नाहीत. सेकंदाला १००० कंपने होणाऱ्या स्वराची लाट सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. उलट, सेकंदाला ५० कंपने होणाऱ्या खर्जाच्या स्वराची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. पातळ पडदा पहिल्या स्वराला आवरू शकतो. दुसऱ्याला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. खर्जाचे स्वर आवरावयाचे, तर शोषक पदार्थाचे थर चांगले जाड असावे लागतात.

रोधनाचे काम मऊ पदार्थांना साधत नाही. तेथे वजन लागते. पलीकडे आवाज पोचवावयाचा, तर ध्वनीला सबंध भिंतच हलवावी लागते. हलकी भिंत चटकन हलते. जड भिंत हलता हलत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर पलीकडे जाणारी ध्वनीची ऊर्जा सामान्यतः एक-चतुर्थांश होते. तथापि वजन वाढवीत जाण्यालाही मर्यादा असते. म्हणून कुशल कारागीर एका जड भिंतीऐवजी दोन भिंती उभारतात. दोहोंमध्ये हवेची पोकळी ठेवतात, त्या पोकळीत खनिज लोकर भरतात, आणि दोन्ही भिंती एकमेकींना कोठेही ताठपणे जोडल्या जाणार नाहीत याची काळजी घेतात. आतली भिंत जिप्समच्या तक्त्यांच्या दोन थरांची करून ती रबराच्या टेकूंवर बसवली, म्हणजे तिची थरथर बाहेरच्या भिंतीपर्यंत सहसा पोचत नाही.

आणि एवढे सर्व करूनही दाराखाली फट राहिली, तर? सुमारे २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत आपल्यावर पडलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी साधारणतः लाखांतला एक भाग पलीकडे जाऊ देते. अशी ९ चौरस मीटर भिंत घ्या. तिच्यातील दाराखाली १ सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर लांब अशी फट असेल, तर ती भिंतीचा हजारावा भाग होते. त्या फटीतून हजारांतला एक भाग ध्वनी सरळ निघून जातो. म्हणजे सबंध भिंतीतून जाणाऱ्या ध्वनीच्या शंभरपट! 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' या म्हणीचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. म्हणून संगीतासाठी खोली सिद्ध करताना पहिला खर्च भरीव दार, त्याच्या कडांना लावावयाच्या रबरी पट्ट्या आणि दुहेरी काचांची खिडकी यांवर करावा. सारी छिद्रे बुजवल्यावर खोलीत ताजी हवा कोठून येणार, हाही प्रश्न आहेच. त्यासाठी आतून शोषक अस्तर लावलेला, वळणे घेत जाणारा हवेचा मार्ग ठेवतात. हवा वळणे घेत पुढे जाते, आवाज मात्र अस्तरात जिरून जातो. अस्तर निवडताना ते चटकन पेट घेणारे नाही, याची खात्री करून घेणेही अगत्याचे असते.

रोधन साधल्यावर शोषणाकडे वळावे. जमिनीवर गालिचा, भिंतींवर काही ठिकाणी कापडाने मढवलेले खनिज लोकरीचे तक्ते, कोपऱ्यांत खर्जासाठी जाड थर, आणि पुस्तकांनी भरलेले एखादे कपाट, एवढ्याने साध्या घरातील खोलीचा निनाद अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणता येतो. पण येथेही अतिरेक वर्ज्य होय. सगळ्याच भिंती मऊ पदार्थांनी मढवल्या, तर सतारीचा झंकार उमटताक्षणीच मरून जातो आणि गायकाचा सूर निर्जीव वाटू लागतो. निनाद हा भाषणाचा शत्रू असला, तरी बेताचा असेल तर तो संगीताचा मित्रच असतो. मिठाप्रमाणेच त्याचेही प्रमाण साधावे लागते.

शहरांतील घरे आज एकमेकांना खेटून उभी आहेत. एका भिंतीच्या अलीकडे कोणी तबल्याचा रियाज करीत असतो, तर पलीकडे कोणी आजारी मनुष्य झोपेची वाट पाहत पडलेला असतो. या दोघांचेही हक्क खरे आहेत. भारत सरकारने २००० साली केलेल्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा घालून दिली आहे. परंतु नियमाचे बोट जेथे पोचत नाही, तेथे ज्ञान आणि समंजसपणा कामास येतात. भिंत कशी ऐकते हे ज्याने समजून घेतले, तो पलीकडच्या मनुष्याचाही विचार करावयास शिकतो; आणि मग तबल्याचा बोलही थांबत नाही व आजाऱ्याची झोपही मोडत नाही.