चार कोअरचा कॉम्प्युटर एकच का दाखवतो?

आज कॉम्प्युटरविषयी बोलूया. घाबरू नका, स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागणार नाही.

निफाड तालुक्यातल्या आमच्या बचत गटानं जुना डेस्कटॉप घेतला. बैठकीचं इतिवृत्त, कर्जाचे हप्ते, सभासदांचे ऑनलाइन अर्ज, सगळं त्यावरच. दिवाळीनंतर तो इतका मंदावला की हिशेबाची फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. दुकानात नेला, तर उत्तर मिळालं, "प्रोसेसर गेला, दुसरा टाका, साडेचार हजार." एवढ्या पैशात एखादीला शेळीसाठी कर्ज देता आलं असतं. म्हणून म्हटलं, आधी आपणच बघू.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला काम करणारा भाग, आणि कोअर म्हणजे त्याच्यातले मजूर. पूर्वी घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये एकच कोअर असे. 2005 पासून दोन कोअरवाले मिळू लागले, मग चार. अनेक प्रोसेसर एकाच कामाला जुंपायची युक्ती मात्र त्याआधीची. पुण्याच्या सी-डॅकनं 1991 साली केलेला परम 8000 हा महासंगणक त्यावरच चालायचा.

आता द्राक्षाच्या बागेत थिनिंगला चार बायका आल्या आणि मुकादमाच्या हजेरीत एकीचंच नाव असलं, तर? तिघी बांधावर बसून राहतील. त्या आजारी नाहीत, त्यांना कामच दिलेलं नाही. आमच्या कॉम्प्युटरचं तेच झालं होतं. मुकादम म्हणजे विंडोज.

हजेरी तपासायची कशी? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे वर प्रोसेसरचं नाव आणि खाली 'कोअर्स' व 'लॉजिकल प्रोसेसर्स' हे आकडे दिसतात. (विंडोज 7 मध्ये हे आकडे नसतात, तिथे आलेखाच्या चौकटी मोजा.) नाव कागदावर लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या प्रोसेसरला किती कोअर आहेत ते पाहा. आमचा आय 5-2400. त्याला चार हवेत, दिसत होता एक. पण आय 3-2100 असेल तर दोन कोअर आणि चार लॉजिकल दिसणं बरोबरच आहे. तिथे एक कोअर दोन हातांनी दोन कामं धरतो, एवढंच. उगाच दुकान गाठू नका.

आकडा कमी असेल तर विंडोजची खूण असलेली कळ आणि आर एकत्र दाबा. चौकटीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. वर 'बूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'समोर बरोबरची खूण आणि 1 होता! गटातल्या एकीच्या मुलानं व्हिडिओ पाहून "कॉम्प्युटर लवकर सुरू होईल" म्हणून ती केली होती. होतं उलटंच. ही सोय तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. खूण नसली की विंडोज सगळे कोअर आपोआप वापरतं. आम्ही खूण काढली, ओके, अप्लाय, रीस्टार्ट. चार दिसले.

तिथे खूण नसेल, तर बायोस बघायचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मूळ मांडणी. सुरू करताना डिलीट किंवा एफ 2 वारंवार दाबा. 'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' अशासारखी ओळ शोधा, तिथे 'ऑल' हवं. बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. 'सगळं मूळपदावर आणा' हे बटण मात्र घाईनं दाबू नका. हार्ड डिस्कची मांडणी बदलली तर विंडोजच उघडत नाही. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवला असेल तर बायोस अद्ययावत करावा लागतो, आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडचं भारनियमन पाहता ते काम जाणकाराकडूनच, इन्व्हर्टरवर.

प्रोसेसर खरोखर गेला असता तर कॉम्प्युटर बहुधा सुरूच झाला नसता. दुकानात हा प्रश्न जरूर विचारा. आणि सगळे कोअर दिसूनही तो मंदच असेल, तर दोष बहुतेक कमी रॅमचा किंवा जुन्या हार्ड डिस्कचा असतो.

आमच्या त्याच चौकटीत शेजारी 'मॅक्सिमम मेमरी'लाही खूण होती. तीही काढली.