कराबीन ते अस्मि

गणपती विसर्जनाची मिरवणूक, निवडणुकीची सभा, बँकेत रोकड उतरवणारी गाडी. नवीन जालन्यात लहानाची मोठी झालेली आजची पन्नाशीतली पिढी अशाच प्रसंगी एका बंदुकीला जवळून पाहत आली आहे. आखूड चण, नळीभोवती भोकाभोकांचं आवरण, दुमडून ठेवलेला लोखंडी दस्ता आणि डाव्या बाजूला आडवं बाहेर आलेलं वाकडं मॅगझीन. तिला ‘कार्बाइन’ म्हणतात हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे, त्यामुळे पोलिसी हत्यारांची नावं इथल्या बोलण्यात सहज येतात. खासगी माणसाच्या हातात मात्र ही बंदूक कधी दिसली नाही. चांदमारीच्या मैदानावर ती वाजली, क्रीडा नेमबाजीच्या रेंजवर नाही. असं का झालं, आणि गेल्या साठ वर्षांत तिला कोणी, कशा पद्धतीने पारखलं, हा मागोवा घेण्यासारखा विषय आहे.

जुन्या मराठीत तिला ‘कराबीन’ म्हणत. मुळात ते घोडेस्वाराचं हत्यार. घोड्यावर बसून लांब नळीची बंदूक हाताळता येत नाही, म्हणून नळी कापून केलेली ही आखूड बहीण. घोडदळांची मोठी गाठ याच जिल्ह्यात पडली होती. असईचं रणांगण जालना जिल्ह्यात येतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा तिथे आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी भिडल्या. घोडे गेले, नाव टिकलं आणि विसाव्या शतकात त्या नावाखाली वेगळीच वस्तू आली: पिस्तुलाचं काडतूस झाडणारी खांद्यावरची बंदूक.

हे काडतूस म्हणजे ९ बाय १९ मिलिमीटर, बोलीभाषेत नुसतं ‘नाइन एमएम’. जर्मनीत काम करणाऱ्या ऑस्ट्रियन गेऑर्ग लुगरने ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पिस्तुलासाठी बनवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यावर घाईघाईने स्टेनगन उभी केली. स्वस्त, पत्र्याची, लाखोंनी निघालेली. मॅगझीन अडकण्याबद्दल आणि हातातून पडली तर आपोआप सुटण्याबद्दल कुप्रसिद्ध. जॉर्ज पॅचेट यांनी हे दोष हेरून नवी बंदूक रचली. तिच्या वाकड्या मॅगझीनमध्ये ३४ काडतुसं मावायची आणि ती वर ढकलायला आत रूळ बसवलेले होते. ब्रिटिश लष्कराने १९५३ मध्ये ती ‘स्टर्लिंग’ म्हणून स्वीकारली. भारतात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत १९६३ पासून तिचंच उत्पादन सुरू झालं. बंदोबस्तातली ती ओळखीची कार्बाइन ही.

रेंजवर तिचं मोल ठरवायचं तर एक गोष्ट अगदी जवळून पाहावी लागते. साध्या रायफलीत काडतूस आधीच नळीत बसलेलं असतं. चाप ओढला की हलकीशी पिन पुढे जाते आणि गोळी सुटते. मधल्या क्षणात बंदूक हलत नाही. स्टर्लिंगचं तसं नाही. तिचा बोल्ट मागे, उघडा थांबलेला असतो. चाप ओढल्यावर तो जड लोखंडी गोळा स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावतो, वाटेत मॅगझीनमधलं काडतूस उचलतो, नळीत कोंबतो आणि तेव्हा बार होतो. नेम धरलेल्या माणसाच्या हातात ऐन वेळी ते वजन सरकतं आणि बंदुकीचं तोंड किंचित डुलतं. त्यात मॅगझीन डाव्या बाजूला, म्हणजे काडतुसं संपत जातील तसा तोलही बदलत जातो. ही रचना घडवली गेली ती नळी थंड राहावी, भाग कमी लागावेत आणि धुळीतही बंदूक चालावी म्हणून. त्या कामात ती चोख होती. बारीक नेमबाजीसाठी ती घडवलेलीच नव्हती, त्यामुळे एकेक गोळी झाडताना कागदावर भोकं विखुरली तर तो दोष जवानाच्या हाताचा मानणं अन्याय ठरेल.

मर्यादा काडतुसाचीही आहे. नऊ मिलिमीटरची गोळी साधारण ५०० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, एके-४७ ची सुमारे २,००० ज्यूल. शंभर मीटरच्या आत पहिलीचा धाक असतो. त्यापुढे ती झपाट्याने खाली बसू लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हा फरक महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिला. एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर शहराचं पोलीस दल पिस्तुलं, कार्बाइन, .३०३ रायफली आणि लाठ्या घेऊन उभं राहिलं. तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर लाठीच होती. पुढच्याच वर्षी राज्याने ‘फोर्स वन’ उभारलं. त्यानंतर कार्बाइनवर पुष्कळ टीका झाली. पण हत्यार वाईट नव्हतं, ते भलत्या कामाला जुंपलं गेलं होतं.

लष्करालाही हे उमगलेलं होतं. नवी कार्बाइन मिळवण्याची त्याची धडपड मात्र रखडतच गेली. ४४ हजारांहून अधिक कार्बाइनची खरेदी प्रक्रिया रद्द झाली. २०१८ मध्ये अमिरातीतल्या काराकल कंपनीची निवड झाली, तीही २०२० मध्ये बारगळली. मागणी आता पिस्तुलाच्या काडतुसाची नव्हती, ५.५६ मिलिमीटरच्या रायफली काडतुसाची होती.

इथे पुणे कथेत येतं. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था, सगळे जिला ‘एआरडीई’ म्हणतात, १९५८ ची. इन्सास रायफल तिचीच. या संस्थेने कानपूरच्या कारखान्याबरोबर मधला मार्ग काढला: ५.५६ बाय ३० मिलिमीटरचं खास काडतूस आणि त्यावर चालणारी सुमारे तीन किलोची ‘जेव्हीपीसी’. पिस्तुलापेक्षा भेदक, रायफलीपेक्षा सौम्य. कडक उन्हाळ्यात आणि उंच प्रदेशातल्या थंडीत चाचण्या देत डिसेंबर २०२० मध्ये तिने लष्कराच्या वापर-चाचण्यांचा शेवटचा टप्पा ओलांडला. पुढे २०२५ मध्ये सव्वाचार लाख कार्बाइनच्या मोठ्या निविदेत सर्वांत कमी बोली पुण्याच्या भारत फोर्जची ठरली. तिची बंदूकही एआरडीईच्या रचनेतली.

पण नाइन एमएम संपलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मि’ जगासमोर आली. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी ती अवघ्या चार महिन्यांत घडवली होती. वरचा सांगाडा विमानाला वापरतात त्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापातले काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. नळी आठ इंची, मॅगझीन ३३ काडतुसांचं, उत्पादनाचा अपेक्षित खर्च ५० हजार रुपयांच्या आत. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० नग मागवले गेले आणि ते हैदराबादच्या लोकेश मशीन्सने बनवले. साठ वर्षांपूर्वी परदेशी रचना परवान्यावर घेणाऱ्या देशात ही सुटसुटीत बंदूक एका मराठी अधिकाऱ्याच्या नावाशी जोडली गेली, याचा अभिमान वाटायलाच हवा.

तिकडे अमेरिकेत आणि युरोपात पिस्तुलाचं काडतूस झाडणाऱ्या कार्बाइनला निराळंच आयुष्य मिळालं. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयपीएससी’ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पद्धतीत नेमबाज एका जागी उभा राहत नाही, पळतो, आडोशामागून झाडतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागून निकाल लागतो. गेल्या दहा वर्षांत या खेळात पिस्तूल-काडतुसाच्या कार्बाइनचा स्वतंत्र गट रुजला. रुगर पीसी, सिग एमपीएक्स, चेक बनावटीची स्कॉर्पियन ही तिथली नेहमीची नावं. या साऱ्या बंद बोल्टच्या आणि एका चापाला एकच गोळी झाडणाऱ्या, म्हणजे स्टर्लिंगची ती मुख्य अडचण इथे उरतच नाही.

तिथे पारखताना लोक काय पाहतात? बोल्ट किती जड आहे, कारण साध्या रचनेत तोच मागे येऊन खांद्यावर आदळतो आणि नेमाचा ठिपका लक्ष्यावरून उडवतो. चाप कुठे सुटतो आणि किती लवकर पुन्हा तयार होतो. मॅगझीन घाईत सरळ बसतं का. नवख्याला चकवणारी एक गोष्ट तर फार थोडे जण आधी सांगतात: दुर्बीण किंवा लाल ठिपका नळीच्या पाच-सहा सेंटीमीटर वर बसलेला असतो. पंचवीस मीटरला जुळवलेली बंदूक पाच मीटरवरच्या लक्ष्यावर धरली तर गोळी ठिपक्याच्या जवळजवळ तेवढीच खाली लागते. लांबवर अचूक असलेला माणूस हाताच्या अंतरावर गुण घालवतो तो असा.

भारतात हे सगळं नागरिकासाठी बंद आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. नाइन एमएम हे ‘प्रोहिबिटेड बोअर’ आणि अर्धस्वयंचलित रायफलही निषिद्ध. परवाना असला तरी या वाटेने जाता येत नाही. ही बंदी योग्यच वाटते. गर्दीच्या शहरांत लपवायला सोपं, भरभर चालणारं हत्यार सर्रास असू नये. पण त्यामुळे आपल्याकडचा नेमबाजीचा खेळ पूर्णपणे दुसऱ्या दिशेने वाढला.

त्या दिशेची सुरुवातही एका मराठी माणसाकडून झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. आजही जिल्ह्यातून पुढे सरकू पाहणाऱ्या पोराच्या तोंडी ‘यंदा मावळणकर खेळायचीय’ हे वाक्य असतं, ते त्यांच्या नावाच्या स्पर्धेबद्दल. तिथे हवेची बंदूक, .२२ रायफल, पिस्तूल. वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे तयार झाल्या त्या याच हत्यारांवर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या त्या ५० मीटर प्रोनमध्ये, .२२ वर.

पारख इथेही चुकत नाही, उलट जास्त निष्ठुर होते. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, कार्बाइनच्या खेळातला सर्वाधिक गुणांचा चौकोन साधारण १५ सेंटीमीटर रुंद. म्हणून मोठे नेमबाज काडतुसं खोक्यावरच्या नावावर घेत नाहीत. रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची दहा-दहा काडतुसं झाडतात आणि कागदावरचा पुंजका मोजतात. एका लॉटचा पुंजका वाटाण्याएवढा, त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटचा त्याहून रुंद. जुळला तो लॉट, त्याच नळीसाठी, शक्य तितका उचलायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस आणि दीपाली देशपांडे यांचा शिष्य, १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूला ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य घेऊन उठला. त्यामागे नळी आणि काडतूस जुळवण्याचे असे कित्येक कंटाळवाणे दिवस असतात.

कार्बाइनची स्पर्धा आपल्याकडे होते ती फक्त गणवेशात. पोलीस दलांच्या नेमबाजी स्पर्धांत रायफल आणि पिस्तुलाबरोबर कार्बाइनचाही विभाग असतो. त्याचे निकाल वर्तमानपत्रात चार ओळींच्या पुढे जात नाहीत. या स्पर्धा गाजायला हव्यात. ज्या हत्याराच्या भरवशावर आपण मिरवणुकीत निर्धास्त फिरतो, ते बाळगणारा हात किती तयार आहे हे त्या कागदावर दिसतं.

चांदमारीचा तो कागद जवळून पाहिलेला बरा. फेरी संपली की शिट्टी होते, बंदुका रिकाम्या करून दाखवल्या जातात, मग सगळे लक्ष्यापर्यंत चालत जातात. भोकं मोजली जातात, प्रत्येकावर खूण होते, कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवलं जातं आणि तेच लक्ष्य पुढच्या फेरीला पुन्हा उभं राहतं. मागे गवतात वाकलेले दोघं-तिघं पितळी पुंगळ्या वेचत असतात. जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत जमा व्हाव्या लागतात. एक कमी भरली तर सूर्य कलला तरी शोध चालू राहतो.