एका इंजिनाला दोन भाते

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, भोजनोत्तर गप्पांच्या वेळी, एका तरुण माजी विद्यार्थ्याने मला बाजूला घेतले. कर्ज काढून घेतलेली डिझेल गाडी तो प्रवासी भाड्याने चालवतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जाणे हा त्याचा नित्यक्रम. "सर, गाडीला टर्बो आहेच. त्याच्या जोडीला सुपरचार्जर बसवला, तर वळणानंतर गाडी मरगळते ते थांबेल का? एक जण बसवून द्यायला तयार आहे." निघण्याच्या गडबडीत मी "नको" एवढेच म्हणालो. कारण सांगायचे राहून गेले, ते येथे सांगतो.

इंजिन इंधनावर चालते असे आपण म्हणतो. परंतु त्याची खरी अडचण हवेची असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्त इंधन ओतणे सोपे, तेवढी हवा आत नेणे कठीण. 1,400 सीसीचे इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला सुमारे 2,100 लिटर हवा ओढावी लागते. त्यातही आपला खानदेशी उन्हाळा! 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते. म्हणजे मे महिन्यात जळगावात प्रत्येक श्वासाला इंजिन थोडे उपाशीच राहते.

यावर उपाय म्हणजे हवा दाबून आत कोंबणे. त्याचे दोन मार्ग आहेत. सुपरचार्जर हा लोहाराचा भाता समजावा; मात्र तो ओढणारा हात इंजिनाचाच. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा गिअरने तो फिरतो, त्यामुळे इंजिन फिरू लागताच हवा मिळते. पण त्या कामासाठी इंजिनाला स्वतःच्या ताकदीतला वाटा द्यावा लागतो आणि वेग वाढेल तसा तो वाटाही वाढतो. टर्बोचार्जरची रीत निराळी. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंच्या वाटेवर एक भिंगरी बसवलेली असते. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चाक. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे हे यंत्र जवळजवळ फुकटच्या शक्तीवर चालते. उणीव एवढीच, की इंजिन मंद असताना धूर कमी आणि भिंगरीही मंद. घाटातल्या तीव्र वळणावर वेग पडतो, चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि क्षणभर काहीच घडत नाही. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

मग दोन्ही एकत्र का जोडू नयेत? इटलीच्या लान्चिया कंपनीने 1985 मध्ये डेल्टा एस4 या शर्यतीच्या मोटारीत नेमके हेच केले. इंजिन केवळ 1,759 सीसीचे, शक्ती मात्र 450 अश्वशक्तीहून अधिक. त्याच वर्षी ब्रिटनमधील आरएसी रॅली हेन्री टोइवोनेन याने या गाडीतून जिंकली. पुढच्या वर्षी 2 मे 1986 रोजी कोर्सिका बेटावरील शर्यतीत हीच गाडी डोंगरवळणावरून खाली कोसळून पेटली. टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. त्यानंतर अशा अतिशक्तिमान गाड्यांचा तो 'ग्रुप बी' वर्ग बंद करण्यात आला. दोष जोडणीचा होता असे मी म्हणत नाही. पण एवढ्या छोट्या यंत्रातून किती शक्ती काढावी, हा प्रश्न तेव्हापासून उरलाच.

घरगुती मोटारीत ही युक्ती नीट बसवली ती फोक्सवॅगनने, 2005 मध्ये. 1,390 सीसीचे पेट्रोल इंजिन, 170 अश्वशक्ती. त्यातील कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. सुमारे 2,400 फेऱ्यांपर्यंत जोर लागला की सुपरचार्जर हवा पुरवतो. 2,400 ते 3,500 या टप्प्यात टर्बोची भिंगरी बहुतेक वेळा पुरेशी असते. चालकाने एकाएकी वेग मागितला तरच सुपरचार्जर मदतीला येतो. 3,500 च्या पुढे विद्युतचुंबकी क्लच त्याला पूर्ण सोडवतो, हवेच्या वाटेतली झडप उघडते आणि टर्बो एकटाच काम करतो. हवा दाबली की तापते आणि तापली की पुन्हा विरळ होते, म्हणून मध्ये इंटरकूलर हवाच. 2009 आणि 2010 अशी दोन वर्षे जगातील सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार या इंजिनास मिळाला.

आपल्या भुसावळकर मंडळींना याहून जवळचे उदाहरण रेल्वेचे वाटेल. डब्ल्यूडीजी-4 हे मालगाडीचे 4,000 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन टू-स्ट्रोक आहे. अशा इंजिनाला स्वतः हवा ओढून घेण्याचा वेगळा फेरा नसतो. ती बाहेरून ढकलावीच लागते. सुरुवातीला धुरात तेवढा जोर नसतो, म्हणून त्याचा टर्बो आरंभी क्रँकशाफ्टकडून गिअरद्वारे फिरवला जातो. भार वाढून धुराचा जोर पुरेसा झाला, की एकाच दिशेने पकडणारा क्लच सुटतो आणि टर्बो आपला आपण फिरू लागतो. सायकल उतारावर असताना पायडल न मारता चाक फिरत राहते, तसेच हे. एकाच यंत्राने दोन्ही भूमिका निभावण्याची ही योजना मला मोटारीतल्या जोडणीपेक्षा अधिक सुबक वाटते.

मोटारींतून ही जोडणी पुढे मागे पडली. पट्टा, क्लच, झडप, दोन दाबयंत्रे म्हणजे खर्च, वजन आणि बिघडण्याच्या जागा. दरम्यान टर्बोची चाके लहान व हलकी झाली, इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागला. त्या जोडइंजिनाचा 240 न्यूटन-मीटरचा कमाल पीळ 1,750 फेऱ्यांपासून मिळे. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टायगुनचे 1.5 लिटरचे इंजिन केवळ एका टर्बोवर 1,600 फेऱ्यांपासून 250 देते. मोठ्या गाडीत लहान इंजिन बसवताना व्होल्वोने मात्र 2013 नंतरही दुहेरी पद्धत वापरली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. वर सांगितलेल्या इंजिनांचे पिस्टन, झडपा, इंधनपुरवठा आणि संगणकीय नियंत्रण हे सारे त्या दाबासाठीच आखलेले होते. तयार डिझेल इंजिनावर बाहेरून आणखी दाब लादला, तर हेड गॅस्केट फुटणे, पिस्टन वितळणे हे धोके संभवतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. अपघात झाल्यास विम्याची रक्कम अडकण्याची भीती असते. हप्ते भरणाऱ्या माणसाने हा जुगार खेळू नये.

मेळाव्यानंतर महिनाभराने मी त्याची गाडी पाहिली. चढावर काळा धूर आणि बारीक शिट्टीसारखा आवाज. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी क्लॅम्पजवळ चिरली होती. दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. एअर फिल्टरही कापसाच्या हंगामातल्या धुळीने भरलेला होता. दोन्ही बदलले. लांबच्या चढानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायलाही सांगितले, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहते. परवा त्याचा दूरध्वनी आला होता. त्या वळणावर आता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढते, पहिला टाकावा लागत नाही.